दगड ठेवला, मग?

‘हलकं वाटलं का?’ स्पेनहून आल्यापासून चर्चच्या आवारात, लग्नघरी, बाजारात ज्यानं त्यानं मला हेच विचारलं. नाही वाटलं. असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून नीट लिहायला बसले.

कामिनो दे सांतियागोबद्दल आमच्या वसईत आता पुष्कळांना ठाऊक आहे. सांतियागोतल्या प्रेषित याकोबाच्या कबरीपर्यंत चालत जायचं, पिवळ्या बाणांच्या मागून. रात्री अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवाऱ्यात, झोपायचं, पुस्तिकेवर शिक्के घ्यायचे. आम्ही तिघी मैत्रिणींनी लिओनपासून सुरुवात केली. पुढे फोन्सेबादोन गावाच्या वर, सुमारे 1500 मीटर उंचीवर, क्रुस दे फेरो लागतो. उंच लाकडी खांबावर लहानसा लोखंडी क्रूस आणि पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग. घरून आणलेला दगड तिथे ठेवायचा, आणि त्याच्याबरोबर मनावरचं ओझं, अशी रीत. मी माहेरच्या वाडीतला, विहिरीच्या काठचा दगड नेला होता.

ओझं कसलं, ते सांगते. बाबा इच्छापत्र न करता गेले. आम्हां ख्रिस्ती लोकांना 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्याप्रमाणे एक तृतीयांश वाटा आईचा, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाहीच. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून हा हक्क कागदावर आहे. आणि तरीही आई इस्पितळात असताना मोठा भाऊ म्हणाला, ‘कर्ज काढायचंय, जमीन एका नावावर हवी. आई बरी झाली की तुझं तुला परत.’ मी आईच्या उशापासून उठून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेले, हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला, आणि परत तिच्या उशाशी येऊन बसले. आई गेली. तिच्या महिन्याच्या मिस्सानंतर मी विषय काढला, तर भाऊ म्हणाला, ‘तुला लग्नात पाटल्या दिल्या की!’ वर्ष उलटायच्या आत केळीची अर्धी वाडी विकली गेली. मला कळलं ते शेजाऱ्यांकडून.

जमिनीचं दुःख मी कदाचित गिळलं असतं. पण त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकानं ‘सोडून दे, देव बघून घेईल’ हे मलाच ऐकवलं. भावाच्या दारात जाऊन ‘तू परत दे, देव बघतोय’ असं एकानंही सांगितलं नाही. देवावर भरवसा ठेवायची शिकवण नेहमी बहिणींच्याच वाट्याला का येते? ज्याच्याकडून काढून घेतलं त्यालाच आणखी सोडायला सांगणं मला आजही अन्यायाचं वाटतं. शहाणपण म्हणून कोणाला असा सल्ला देऊ नये.

तर त्या क्रूसापाशी जोराचा वारा होता. ढिगात पत्रं होती, फोटो होते, लहान मुलाचा एक बूटही होता. मी दगड ठेवला, प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि क्षमेच्या ओळीपाशी अडखळले. मनात आलं, वाडीतली माझ्या हातात उरलेली एवढीच वस्तू, आणि तीही मी इथे सोडून चालले आहे.

पुढे एल आसेबोकडे उतरणारी वाट नुसती दगडगोट्यांची. माझा गुडघा गेला. मैत्रिणी पुढे निघून गेल्या होत्या. मागून एक म्हातारा कोरियन यात्रेकरू आला. आम्हांला एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानं काही न विचारता माझी पिशवी उतरवून घेतली, स्वतःची पाठीवर असताना ती छातीशी बांधली आणि चालू लागला. प्रत्येक वळणावर तो थांबायचा. मोलिनासेकाच्या पुलाशी त्यानं ती माझ्या पायाशी ठेवली, मान लववली आणि गेला. पुन्हा दिसला नाही. मी इतके महिने देवाकडे भावाचं मन पालटण्याचं मागत होते, आणि देवानं पाठवला हा माणूस. याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

व्हियाफ्रांका देल बिएर्सो गावात चालणं संपलं. तिथल्या सांतियागो चर्चला ‘क्षमेचा दरवाजा’ आहे. मध्ययुगात जे यात्रेकरू आजारपणामुळे पुढे जाऊ शकत नसत, त्यांना त्या दारापाशीच सांतियागोला पोचल्याइतकी कृपा मिळे. आता ते फक्त पवित्र वर्षात उघडतात. मी गेले तेव्हा बंद होतं. त्या बंद दारासमोर बसून मी खूप रडले. इथवर आलीस, पुरे झालं, असं कोणीतरी जवळ बसून सांगतंय असं वाटलं. वर ‘नाही वाटलं’ म्हणाले आहे खरं, पण त्या तासाभरात हलकं वाटलं होतं.

सांतियागोला बसनं गेले. शेवटचे किमान शंभर किलोमीटर पायी झाले नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं नाही. त्याचं वाईट वाटलं.

आल्यावर मी वकील गाठला आणि हक्कसोडपत्र रद्द करण्यासाठी दावा लावला. दगड ठेवून आलेल्या बाईनं कोर्टात जावं हे चर्चमधल्या काहींना पटत नाही. मला त्यात विसंगती दिसत नाही. रोज संध्याकाळी रोझरीत मी भावाचं नाव घेते, निकाल काय लागेल ते देवाच्या हाती देते आणि कागदपत्रं वकिलाच्या. पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्याच आठवड्यात भावाच्या धाकटीचं फर्स्ट होली कम्युनियन आहे. वहिनीनं फोन करून बोलावलंय. मी दोन्हीकडे जाणार आहे.