टेस्टर पाहिजेत

१
खरं बीटा, म्हणजे चाचणीतलं, ॲप मध्येच बंद पडतं. बटण दाबलं तर काही होत नाही, मजकूर चौकटीबाहेर सांडतो, मराठी अक्षरांच्या जागी डबे दिसतात. खोटं मात्र लोण्यासारखं चालतं. आलेख चढता, आकडे हिरवे, शिल्लक रोज वाढती. अडतं एकाच ठिकाणी : पैसे काढताना.

२
अमेरिकेच्या एफबीआयने १४ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर इशारा दिला. आधी डेटिंग ॲपवर किंवा समाजमाध्यमावर ओळख होते, मग गप्पा, मग विश्वास, मग ‘चाचणीत असलेलं’ गुंतवणुकीचं ॲप. नाव, चिन्ह, वर्णन एखाद्या नावाजलेल्या ॲपसारखं. इशाऱ्यात खुणाही दिल्या आहेत : बॅटरी लवकर उतरते, फोन मंदावतो, आपण न घेतलेली ॲपं फोनवर दिसू लागतात, कामाशी संबंध नसलेल्या परवानग्या मागितल्या जातात.

यादीत ‘समोरची व्यक्ती फार गोड बोलते’ ही खूण नाही. सरकारी यादी आहे.

३
“अजून बाजारात आलेलं नाही, निवडक लोकांनाच देतोय.” हायवेलगतचे एन. ए. प्लॉटही याच वाक्यावर विकले जातात.

४
आयफोनवर चाचणीतली ॲपं टेस्टफ्लाइटमधून येतात. २०१४ मध्ये ॲपलने बर्स्टली ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर हे आलं. एका ॲपला बाहेरचे १०,००० पर्यंत टेस्टर चालतात. पहिली आवृत्ती ॲपल तपासतं; पुढच्या प्रत्येक आवृत्तीची तशीच पूर्ण तपासणी होईल असं नाही. होम स्क्रीनवर ॲपच्या नावाशेजारी छोटा नारिंगी ठिपका दिसतो. प्रत्येक आवृत्ती ९० दिवसांनी बाद होते.

५
गुंतवणुकीचं लॉक-इन : सहा महिने. ॲपची मुदत : ९० दिवस.

६
“लिंक नीट तपासून घ्या” असं सगळेच सांगतात. तपासली. ॲपलचीच निघाली.

सोफोस ही सुरक्षा कंपनी अशी ॲपं पसरवणाऱ्या टोळ्यांच्या पद्धतीला ‘क्रिप्टोरॉम’ म्हणते. टेस्टफ्लाइटचा असा वापर होतो हे तिने मार्च २०२२ मध्येच लिहून ठेवलं. पत्ता अस्सल असला म्हणून पाठवणारा अस्सल ठरत नाही.

७
टेस्टफ्लाइट नको तर मग ‘प्रोफाइल’ टाकायला सांगतात. सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट. टेस्टफ्लाइटवरून ॲप घ्यायला प्रोफाइल लागत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रुप-आयबीने ‘गोल्डपिकॅक्स’ हे आयफोनवरचं ट्रोजन उघड केलं. ते आधी टेस्टफ्लाइटमधून पसरवलं जात होतं. तिथून हटवल्यावर टोळीने लोकांना प्रोफाइल टाकायला लावलं. चोरीचा माल : लोकांचे चेहरे.

८
भाचा ॲप बनवतो. सगळ्या नातेवाइकांकडे जीमेल आयडी मागत होता.

“मावशी, फक्त चौदा दिवस ठेव फोनवर.”
“पैसे भरायचे का रे?”
“नाही.”
“मग मिळणार आहेत?”
“नाही गं.”
“मग यात काहीतरी गडबड आहे.”

९
गडबड गूगलच्या नियमात आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप प्ले स्टोअरवर आणण्याआधी २० टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागत. डिसेंबर २०२४ मध्ये वीसचे बारा केले. खऱ्या माणसाला बारा जण जमवताना नाकी नऊ येतात. तोतयाचा ग्रुप पहिल्या दिवसापासून भरलेला, आणि त्यातले सगळे नफ्यात.

१०
क्रिप्टोची खरी चाचणी ‘टेस्टनेट’वर होते. तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांना किंमत नसते, कारण ती नसावी हाच हेतू. बिटकॉइनचं एक जुनं टेस्टनेट गुंडाळून नवं सुरू करावं लागलं, कारण लोक ती फुकटची नाणी खऱ्या पैशाला विकू लागले.

तेव्हा कुणी “चाचणीसाठी थोडे खरे पैसे टाका” म्हणालं, तर चाचणी कशाची चाललीय हे उघड आहे.

११
क्रिप्टो वॉलेटची किल्ली म्हणजे सहसा २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतले १२ किंवा २४ शब्द. ही पद्धत २०१३ ची. चाचणीसाठी नवं, रिकामं वॉलेट मिनिटभरात फुकट बनतं. जुन्या, भरलेल्या वॉलेटचे शब्द मागणाऱ्याला टेस्टर नको आहे.

१२
ते शब्द विसरू नयेत म्हणून लोक स्क्रीनशॉट काढून ठेवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीला ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअर या दोन्हींकडच्या ॲपमध्ये ‘स्पार्ककॅट’ सापडलं. ते गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून नेमके हेच शब्द शोधत होतं.

१३
ओळखीचे एक जण असं ॲप ‘टेस्ट’ करत होते. विचारलं, “आतापर्यंत किती चुका कळवल्या?”
“कळवायचं बटण दिसत नाही. ‘डिपॉझिट’चं आहे.”

१४
स्टोअरवरचंच ॲप घ्यावं, हा सल्ला बरोबर आहे आणि अपुरा आहे. ट्रेझर वॉलेटचं नाव लावलेलं एक बनावट ॲप ॲप स्टोअरवर होतं. तपासणीला आलं ते फायली कुलूपबंद करणारं म्हणून. मंजुरीनंतर वॉलेट झालं. २०२१ मध्ये बातमी आली : एका माणसाचे १७.१ बिटकॉइन गेले. ॲपला जवळपास पाच तारे होते.

टेस्टफ्लाइटवर तारे नसतातच. कुणी ताऱ्यांचा स्क्रीनशॉट पाठवला तर तो कुठून काढला, एवढं विचारावं.

१५
“भारतात स्टोअरवर बंदी आहे हो, म्हणून लिंक देतोय.” हे वाक्य खरं वाटायला कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने बायनान्स, कूकॉइन अशा नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची ॲपं भारतातल्या स्टोअरवरून खरोखर गेली. पुढे काहींनी दंड भरून नोंदणी केली. बायनान्सचा दंड १८.८२ कोटी रुपये.

वाक्य तेव्हाचं आहे. अजून फिरतंय.

१६
हिंगोली, २०२५. सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका पीडीएफ नव्हती, एपीके, म्हणजे ॲपची फाइल, होती. खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार गेले. आमंत्रण लग्नाचं असो की बीटाचं, फाइलच्या नावाची शेपटी पाहावी.

१७
जीमेल १ एप्रिल २००४ ला बीटा म्हणून आलं आणि जुलै २००९ पर्यंत बीटाच राहिलं. सुरुवातीला आमंत्रणाशिवाय मिळत नसे. लोक आमंत्रण मागत फिरत. डिपॉझिट कुणी मागितलं नाही.

१८
‘काढा’ दाबल्यावर उत्तर येतं : आधी ३० टक्के कर भरा, मग रक्कम मोकळी होईल.

क्रिप्टोच्या नफ्यावर कायद्यात ३० टक्के कर आहे, एप्रिल २०२२ पासून. विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे, त्याच वर्षीच्या जुलैपासून. पण टीडीएस त्याच व्यवहाराच्या रकमेतून कापला जातो आणि कर प्राप्तिकर खात्याकडे भरला जातो. ग्राहक सेवेने पाठवलेल्या यूपीआय आयडीवर दोन्हींपैकी काहीच जात नाही.

पहिल्यांदा छोटी रक्कम काढू देतात. जाहिरातीचा खर्च.

१९
खोट्या ॲपची ग्राहक सेवा दोन मिनिटांत उत्तर देते. रविवारीही. रात्री दोनलाही.

२०
मार्च २०२५ मध्ये भारताने ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणलं. नोकरीचं आमिष दाखवून त्यांना म्यानमार सीमेवरच्या फसवणुकीच्या अड्ड्यांत नेलं होतं. काम : रात्रंदिवस अनोळखी लोकांशी गोड बोलणं.

२१
सोसायटीच्या ग्रुपवर इशाऱ्याचा मेसेज : “अनोळखी लिंक उघडू नका. अधिक माहितीसाठी खालील लिंक उघडा.”

२२
पैसे गेलेच असतील तर १९३० वर फोन, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर कराल, तितकी पुढचं खातं गोठण्याची शक्यता जास्त. रागाच्या भरात ॲप आणि चॅट पुसू नये. व्यवहार क्रमांक, वॉलेटचे पत्ते, स्क्रीनशॉट हाच पुरावा असतो.

काही दिवसांनी मेसेज येतो : “तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, शुल्क आधी.” याची तक्रारही १९३० वरच घेतात.