दोह्यातली गोलशून्य बरोबरी

जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला झालेल्या इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारतीय फुटबॉल संघाने तीन सामन्यांत दहा गोल खाल्ले. ताजिकिस्तानने चार, उत्तर कोरियाने पाच आणि सीरियाने एक. ताजिकिस्तानविरुद्ध तर मध्यंतराला भारत २-० असा पुढे होता. त्यानंतर दोन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, बराचसा तोच संघ दोह्यात कतारसमोर उतरला. कतार तेव्हा आशियाचा विजेता होता. नव्वद मिनिटं त्याने भारताच्या गोलवर मारा केला आणि एकही गोल झाला नाही.

तो सामना मी जसिम बिन हमद स्टेडियममध्ये बसून पाहिला. नोकरीसाठी दोह्यात राहणाऱ्या माणसाला आपला देश घराजवळ खेळताना पाहायला मिळणं ही पर्वणीच असते. आजूबाजूला बहुतेक मल्याळी मंडळी होती. ढोल, झेंडे, निळे शर्ट, आणि सप्टेंबरातली अंगाला चिकटणारी दमट हवा. माझं लक्ष मात्र सवयीने बचावफळीकडे होतं. कोल्हापूरला पेठेच्या संघातून मी अनेक वर्षं बॅक खेळलो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब यांच्यासाठी जीव टाकणारी माणसं गॅलरीत बसतात. ती फॉरवर्डला डोक्यावर घेतात. बॅकचं नाव त्यांच्या तोंडी येतं ते गोल झाल्यावर.

आमचा गोली वयाने मोठा होता. मागून त्याचं सतत चाललेलं असायचं : ‘बॉलकडं बघत बसू नको, तुझा माणूस कुठं गेला बघ.’ ‘आत सरक, आत.’ ‘वर चला सगळी.’ सामना संपेपर्यंत त्याचा घसा बसायचा. तो नसला की आम्ही चौघं बॅक तेच असायचो, पळायचोही तेवढंच, पण समोरचा फॉरवर्ड आमच्यातल्या दोघांच्या मधून सहज निघून जायचा. बचावात आधी आवाज आणि अंतर सांभाळायचं असतं, टॅकल त्यानंतर येतो, हे मला तिथे कळलं. म्हणून दोह्यात मी चेंडूपेक्षा भारताच्या चार बॅकमधली अंतरं पाहत होतो.

समोरचा संघ काय ताकदीचा होता हे सांगायलाच हवं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अबुधाबीला कतारने जपानला ३-१ असं हरवून आशिया चषक जिंकला होता. त्या स्पर्धेत त्यांनी सात सामन्यांत १९ गोल केले आणि खाल्ला फक्त एक, तोही अंतिम सामन्यात. एकट्या अल्मोएझ अलीचे नऊ गोल होते. विश्वचषक पात्रता फेरीत भारताशी गाठ पडायच्या पाच दिवस आधी त्यांनी अफगाणिस्तानला ६-० असं धुतलं होतं. भारत त्याच दिवशी गुवाहाटीत ओमानकडून हरला. सुनील छेत्रीने पहिल्या सत्रात गोल केला, ८२व्या मिनिटापर्यंत आघाडी टिकली, आणि तिथून पुढे ओमानच्या अल मंधरने दोन गोल करून सामना पळवला.

त्यात छेत्री दोह्याच्या सामन्याला नव्हता, आजारी होता. ही बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तिकीट कशाला काढायचं असं म्हटलं. भारताचा संघ म्हणजे छेत्री, हे समीकरण दशकभर पक्कं झालेलं. कप्तानाची पट्टी गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूच्या दंडावर गेली. माझ्या मते त्या रात्रीपुरतं ते योग्यच झालं. कप्तान सगळ्यांच्या मागे उभा असला की त्याला संपूर्ण मैदान दिसतं, आणि ज्याला दिसतं त्यानेच बोलायचं असतं. गुरप्रीत तोवर नॉर्वेत स्टाबेक संघात राहून आलेला होता. युरोपा लीगमध्ये खेळलेला तो पहिला भारतीय. साडेसहा फुटांच्या जवळ जाणारी उंची आणि गॅलरीपर्यंत ऐकू येईल असा आवाज.

त्याच्यापुढे चार जण होते. मधोमध संदेश झिंगन आणि आदिल खान, उजवीकडे राहुल भेके, डावीकडे मंदार राव देसाई. मराठी माणसाला ही फळी ओळखीची वाटावी अशी होती. राहुल मुंबईचा, मंदार आणि आदिल गोव्याचे. सहाच महिन्यांपूर्वी, १७ मार्चला, अंधेरीच्या मैदानावर आयएसएलच्या अंतिम सामन्यात राहुल आणि मंदार आमनेसामने होते. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवर डोकं लावून राहुलनेच गोव्याच्या तोंडचा घास काढला होता. मंदार मुळात विंगर. गोव्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे आणून डावा बॅक केलं. आदिलही मधल्या फळीत वाढलेला, एफसी पुणे सिटीकडून खेळलेला, आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर राष्ट्रीय संघात परतलेला. म्हणजे या चौघांत जन्मापासून स्टॉपर म्हणावा असा झिंगन एकटाच, आणि तोही क्लबमध्ये बराच काळ उजव्या बाजूला खेळून आलेला.

प्रशिक्षक इगोर स्टिमाच हे १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे स्टॉपर. त्यांनी भारताची सूत्रं घेतल्यापासून मागून पास देत खेळ उभा करण्यावर भर दिला, आणि अहमदाबादेत त्याची किंमत मोजली. दोह्यात त्यांनी बॅकना जागा सोडू नका असंच बजावलं असावं. निदान गॅलरीतून तरी तसं दिसत होतं.

पहिल्या दहा मिनिटांतच चित्र स्पष्ट झालं. चेंडू कतारच्या उजव्या बगलेला गेला की भारताची पूर्ण फळी तिकडे सरकत होती. मंदार बाहेर जायचा, झिंगन आणि आदिल त्याच्या मागोमाग एकेक पाऊल सरकायचे आणि पलीकडचा राहुल पार मध्यापर्यंत आत यायचा. लांबच्या बाजूला कतारचा माणूस मोकळा राहायचा, पण त्याच्यापर्यंत चेंडू जायला उंच, लांब पास लागणार, आणि तो हवेत असेपर्यंत राहुल परत आपल्या जागी. चौघांच्या पुढे मधली फळी इतकी जवळ होती की दोन रांगांमध्ये वळून उभं राहायला कतारच्या खेळाडूंना जागा मिळत नव्हती. उदांतासारखा वाऱ्याच्या वेगाने धावणारा विंगर स्वतःच्या बॅकच्या पुढ्यात येऊन उभा राहत होता. विंगरला हे पटवणं सोपं नसतं.

कतारने त्या रात्री गोलवर २७ प्रयत्न केले. हा आकडा सांगून पुष्कळांनी नंतर निष्कर्ष काढला की भारत नशिबाने आणि गुरप्रीतमुळे वाचला. गुरप्रीत अफाट खेळला यात शंकाच नाही. तो डावी-उजवीकडे झेपावत होता, गर्दीत शिरून मुठीने चेंडू बाहेर काढत होता, बोटांच्या टोकांनी फटके वळवत होता. पण हे फटके कुठून येत होते तेही पाहायला हवं. कितीतरी लांबून होते, कितीतरी कोपऱ्यातल्या अरुंद जागेतून, आणि मारणाऱ्याच्या अंगावर एक जण धावून गेलेला असायचाच. संघटित बचावात गोलीला बहुतेक फटके येताना दिसतात. ज्या बचावाची रांग फाटलेली असते तिथे त्याच्यासमोर एकदम एकटा फॉरवर्ड उगवतो. अहमदाबादेत हे दुसरं वारंवार घडलं होतं, दोह्यात फार क्वचित.

झिंगनचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं. तो हवेतला चेंडू डोक्याने उडवतो, अंगावर फटके झेलतो, हे टीव्हीवर दिसतंच. मैदानात बसून पाहिलं तर चेंडू लांब असताना तो काय करतो ते कळतं. चेंडू परतवून लावला की दोन्ही हात पुढे झटकत तो सगळ्यांना वर ढकलायचा. दमलेल्या बॅकला हा क्षण नकोसा असतो. आत्ताच संकट टळलंय, जरा उभं राहू दे असं वाटतं. तेवढ्यात रांग पाच-सहा पावलं वर गेली तर समोरचे फॉरवर्ड ऑफसाइडच्या भीतीने मागे सरतात आणि पुढचा हल्ला गोलपासून तेवढाच दूर सुरू होतो. नाही गेली, तर दहा मिनिटांत सगळा संघ स्वतःच्या पेनल्टी एरियात उभा दिसतो. गुवाहाटीत ओमानविरुद्ध शेवटच्या टप्प्यात नेमकं तेच झालं होतं. दोह्यात ८०व्या मिनिटानंतरही झिंगन हात झटकत होता आणि गुरप्रीत मागून ओरडत होता. त्याच सुमारास उदांताला एक संधी मिळाली. त्याचा फटका खांबाजवळून बाहेर गेला, आणि अख्खी गॅलरी डोक्याला हात लावून खाली बसली.

शिट्टी झाली तेव्हा ०-० होतं. त्या गटात कतारने आठ सामने खेळून सात जिंकले आणि २२ गुण मिळवले. त्यांचे जे दोन गुण गेले ते या एका रात्री गेले.

महिन्याभरात हे सगळं विस्कटलं. बांगलादेशविरुद्धच्या सामन्याआधी गुवाहाटीत झालेल्या सराव सामन्यात झिंगनचा गुडघा गेला. १५ ऑक्टोबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर तुडुंब भरलेल्या गॅलऱ्यांसमोर आदिलच्या जोडीला अनस एडथोडिका आला. अनस अनुभवी आणि जिद्दीचा, पण ही जोडी नवी होती. ४२व्या मिनिटाला बांगलादेशची फ्री किक आली. गुरप्रीत ती घ्यायला पुढे आला, चेंडू त्याच्यावरून गेला आणि मागच्या खांबापाशी साद उद्दीनने डोकं लावलं. दोह्यात अशा चेंडूवर गोलीने यायचं की बॅकने जायचं हे आधीच ठरलेलं असावं असं वाटत होतं. इथे क्षणभर कुणाचंच ठरलं नाही. नंतर एकदा आदिलने गोलरेषेवरून चेंडू काढला, आणि ८८व्या मिनिटाला कॉर्नरवर त्यानेच डोक्याने बरोबरी साधून दिली. आशियाच्या विजेत्याला शून्यावर रोखणारा संघ घरच्या मैदानावर बांगलादेशकडून हरता हरता वाचला. मी तो सामना टीव्हीवर पाहिला आणि फार वाईट वाटलं. माणसं तीच होती, फक्त हात झटकणारा एक कमी होता.

बचावाची शिस्त एकदा अंगात मुरली की संकटात कशी उपयोगी पडते हे ३ जून २०२१ला पुन्हा दोह्यात, त्याच स्टेडियममध्ये दिसलं. १७व्या मिनिटाला राहुल भेकेला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि भारताचे दहाच जण उरले. झिंगन तोवर संघात परतला होता. सव्वा तासाच्या आसपास दहा जणांनी कतारला अडवून धरलं. ३३व्या मिनिटाचा अब्दुलअझीझ हातेमचा गोल एवढाच काय तो झाला. ०-१ हा पराभव आहे हे मान्य. पण बॅक म्हणून खेळलेल्या कुणालाही विचारा, एक माणूस कमी असताना रांग न मोडता इतका वेळ काढायला काय लागतं.

नुसत्या बचावाने पुढे जाता येत नाही, हेही त्याच गटाने दाखवलं. आठ सामन्यांत भारताने सातच गोल खाल्ले, ही जमेची बाजू. केले मात्र सहा. सात गुण, तिसरा क्रमांक, आणि विश्वचषकाची वाट बंद. आघाडीवर छेत्रीच्या जोडीला कुणी नाही ही ओरड तेव्हा चालू होती आणि ती खरीही होती. मला मात्र तेवढीच काळजी मागच्या रांगेची वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात सीरियाविरुद्ध झिंगन पुन्हा जखमी झाला. त्याच्याशिवाय मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ अशी हार झाली, आणि तीही पुन्हा आघाडी घेतल्यानंतर, शेवटच्या वीसेक मिनिटांत.

झिंगन घडला कसा, ते पाहण्यासारखं आहे. २०१६ साली केरळा ब्लास्टर्समध्ये मधोमध दोन परदेशी स्टॉपर होते : उत्तर आयर्लंडकडून ११२ सामने खेळलेला एरन ह्यूज आणि फ्रान्सचा सेड्रिक हेंगबार्ट. झिंगन त्यांच्या उजव्या हाताला खेळायचा. तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुढच्याच मोसमात झिंगन त्या संघाचा कप्तान झाला आणि मध्यभागी आला. शिकायला मिळालं, आणि लगेच जबाबदारीही मिळाली. हा दुसरा भाग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आयएसएलमध्ये अनेक संघ मधला मुख्य स्टॉपर परदेशी ठेवतात. सामना जिंकायचा असतो, प्रशिक्षकाची नोकरी टिकायची असते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण त्याच्या शेजारच्या भारतीय पोराला ऐकायची सवय लागते, बोलायची लागत नाही. मग राष्ट्रीय संघात दोन भारतीय स्टॉपर एकत्र आले की दोघंही दुसऱ्याच्या हाकेची वाट बघतात. ड्युरँड कपसारख्या स्पर्धेत, मोसमाच्या सुरुवातीला, क्लबांनी दोन्ही स्टॉपर भारतीय उतरवावेत आणि त्यातल्या एकाकडे पट्टीही द्यावी. काही सामने हातचे जातील. ते जाऊ द्यावेत.