पट्टी सगळ्यांच्याच डोळ्यांवर

आमच्या हाऊसमध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे पाच-सहा भक्त आहेत. लायब्ररीत प्रत एकच, तीही पाठीतून उसवलेली. त्यामुळे एकाचं वाचून झालं की ती पुढच्या पलंगावर जाते. रविवारी दुपारी बूट पॉलिश करताना आमचा ठरलेला वाद असतो : या कादंबरीतला सर्वांत शहाणा नेता कोण? एकजण गॅन्डाल्फचं नाव घेतो, कारण फ्रोडो ती अंगठी आपणहून देत असतानाही तो ती घेत नाही. ती हातात आली तर आपण कसे होऊ, याचीच त्याला भीती वाटते. दुसरा म्हणतो फॅरामिर, कारण अंगठी हाताशी असूनही तो फ्रोडोला जाऊ देतो. मी मात्र अ‍ॅरागॉर्नच्या बाजूचा. याचं एक कारण पुस्तकात आहे आणि दुसरं आमच्या डॉर्मिटरीत.

पुस्तकातलं आधी सांगतो. नऊजणांच्या तुकडीत गिम्ली हा ड्वार्फ आणि लेगोलास हा एल्फ. दोन्ही जमातींचं जुनं वैर. लेगोलासच्या वडिलांनी एकेकाळी गिम्लीच्या वडिलांना कैदेत टाकलेलं. मोरियाच्या खाणीत गॅन्डाल्फ दरीत कोसळतो आणि तुकडीची जबाबदारी अ‍ॅरागॉर्नवर येते. पुढे लॉथलॉरिएनच्या जंगलात एल्फ पहारेकरी त्यांना अडवतात. बाकीच्यांनी तसंच यावं, पण ड्वार्फच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, असा त्यांचा कायदा. गिम्ली कुऱ्हाड उपसतो, पहारेकरी धनुष्यं ताणतात. तेव्हा अ‍ॅरागॉर्न निर्णय देतो : पट्टी बांधायची तर सगळ्यांच्याच डोळ्यांवर. गिम्ली हसतो. लेगोलास मात्र भडकतो. आपण एल्फ, इथल्यांचे भाऊबंद, मग आपल्याला पट्टी कशाला?

आता डॉर्मिटरीतलं. गेल्या टर्ममध्ये माझं घड्याळ हरवलं. आजोबांनी दिलेलं होतं. रोल कॉलच्या आधी मी सगळीकडे शोधलं आणि मग शेजारच्या पलंगावरच्या मुलाचं नाव घेतलं. तो मिझोरामचा. नवीन आलेला, कमी बोलणारा, मेसमध्ये टेबलाच्या टोकाला एकटा बसणारा. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. तो आमच्यातला वाटत नव्हता, एवढंच. दोन-तीन मुलांनी लगेच माझी री ओढली. "त्याचं लॉकर उघडा." तो काही बोलला नाही. कानापर्यंत लाल झाला आणि किल्ली हातात घेऊन उभा राहिला.

हाऊस कॅप्टन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लॉकर उघडायचं तर सगळ्यांचं. पहिलं माझं." आणि खरंच स्वतःचं लॉकर उघडून त्याने एकेक वस्तू पलंगावर मांडली. घरची पत्रंसुद्धा. मग ओळीने सगळ्यांची लॉकरं उघडली. माझी पाळी आली तेव्हा मला राग आला. घड्याळ माझंच हरवलंय, मग माझं लॉकर कशाला? पण उघडावं लागलं. घड्याळ माझ्याच ब्लेझरच्या आतल्या खिशात निघालं.

कॅप्टन मला ओरडला नाही. माफी माग, असंही म्हणाला नाही. घड्याळ माझ्या हातात देऊन तो निघून गेला. मला वाटतं, ओरडला असता तर मी लवकर सुटलो असतो. तीन दिवस मी शेजारच्या पलंगाकडे पाहू शकलो नाही.

रविवारी नेहमीचा वाद रंगला. मी अ‍ॅरागॉर्नची पट्टीची गोष्ट सांगत होतो. तेवढ्यात तो मिझोरामचा मुलगा पहिल्यांदाच आमच्यात बोलला. त्याने ही कादंबरी घरीच वाचली होती, आमच्यापैकी कोणाला ठाऊकच नव्हतं. त्याने तुटक हिंदीत विचारलं, "गिम्ली हसला आणि लेगोलास चिडला. असं का?"

कोणालाच सांगता आलं नाही. मग तोच म्हणाला, "कारण लेगोलासवर तोपर्यंत कोणी संशय घेतला नव्हता."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. एवढे दिवस मी स्वतःला अ‍ॅरागॉर्नच्या बाजूचा समजत होतो. मी तर लेगोलास होतो. सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे." सगळे हसले, मीही हसलो. पण त्याने लगेच माफ केलं असं नाही. त्याला बरेच दिवस लागले.

कादंबरीतही लेगोलास आणि गिम्लीची मैत्री कोणाच्या हुकमाने होत नाही. पट्ट्या सुटल्यानंतर लेगोलास आपणहून गिम्लीला बरोबर घेऊन त्या जंगलात हिंडू लागतो. नेता एवढंच करू शकतो : नियम सगळ्यांना सारखा लावायचा आणि त्यात स्वतःला वगळायचं नाही. पुढचं पाऊल ज्याचं त्याने टाकायचं. लेखक टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी होते. त्यांच्या शाळेतल्या चार जिवलग मित्रांच्या गटातले दोघे त्याच वर्षी युद्धात गेले. शेजारच्या माणसावर विश्वास असणं म्हणजे काय, हे त्यांना खंदकात कळलं असणार. आम्हाला ते डॉर्मिटरीतच कळलं, हे आमचं नशीब.

हेल्म्स डीपच्या लढाईत गिम्लीचे बेचाळीस होतात आणि लेगोलासचे एक्केचाळीस. आमची मोजणी चिन-अप्सची आहे. त्याचे चौदा, माझे अकरा. युद्धानंतर ते दोघे एकमेकांना दिलेला शब्द पाळतात. लेगोलास गिम्लीबरोबर गुहा पाहायला जातो, गिम्ली लेगोलासबरोबर फॅन्गॉर्नच्या जंगलात. आमचंही ठरलंय. मे महिन्यात तो साताऱ्याला आमच्याकडे येणार, मी त्याला अजिंक्यतारा दाखवणार. पुढच्या सुट्टीत मी त्याच्या डोंगरांत जाणार.

गुहा पाहून आल्यावर लेगोलासला बोलायला शब्दच सापडत नाहीत. आमचा गडी मुळातच कमी बोलतो. तेव्हा किल्ला त्याला आवडला की नाही, हे मला चेहऱ्यावरूनच ओळखावं लागेल. आता तेवढं जमतं.