चौथा बाइट

फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीत जन्मली. फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत ती मांडली. सारा मजकूर एका झटक्यात पुसला जातो म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव रूढ झाले.

तिच्या समांतर जोडणीच्या चिपांना पत्त्याच्या प्रत्येक बिटासाठी स्वतंत्र तार लागे. सीरियल फ्लॅश मात्र मोटोरोलाने घडवलेल्या एसपीआय जोडणीच्या चार तारांवर भागवते: आधी वाचनाची आज्ञा, मागोमाग पत्त्याचे तीन बाइट. तीन बाइटांत १६ मेगाबाइटांपुरतेच पत्ते मावतात. किलोबाइटांत मोजणाऱ्या पिढीला ते अमापच होते.

काही वर्षांपूर्वी शेतपंपाच्या नियंत्रकासाठी मी अशी चिप निवडत होतो. ४ किलोबाइटांचे सेक्टर, एक लाख वेळा पुसण्याची क्षमता, वीस वर्षे मजकूर टिकण्याची ग्वाही, सारे तपासले. १६ आणि ३२ मेगाबाइटांच्या किमतीत फारसे अंतर नव्हते. पुढे लागेल म्हणून ३२ घेतली. तिला पत्त्याचा चौथा बाइट लागतो, आणि त्यासाठी आज्ञा देऊन तिची अवस्था बदलावी लागते. मी बदलली.

पावसाळ्यात फोन येऊ लागले: नियंत्रक मुका झाला. सोडवून आणलेला प्रत्येक बोर्ड माझ्या टेबलावर मात्र ठणठणीत चाले. दोष तुमच्या वायरिंगचा, असे मी तीन आठवडे सांगत राहिलो. एका वृद्ध शेतकऱ्याला तर तुसडेपणाने.

घडत होते ते असे. विजेच्या झटक्याने प्रोसेसर अडखळे, वॉचडॉग त्याला नव्याने सुरू करी. प्रोसेसर आपल्यात कायमच्या कोरलेल्या सूचनांप्रमाणे तीनच बाइट पाठवी, आणि चिप चौथ्याची वाट पाहत राही. बॅटरी असल्याने भारनियमनातही चिपची वीज जात नसे. बोर्ड सोडवताना ती जाई, चिप मूळ अवस्थेत परते आणि पुरावाच नाहीसा होई.

अवस्था न बदलता चार बाइट स्वीकारणाऱ्या स्वतंत्र आज्ञा अनेक मोठ्या चिपांत असतात. चिपला वेगळा रीसेटचा पाय असेल तर तो प्रोसेसरच्या रीसेटशी जोडता येतो. माझ्या चिपला असा पाय नव्हता. पुढच्या खेपेस मी १६ मेगाबाइटांची बसवली. प्रोग्राम जेमतेम तीन मेगाबाइटांचा होता.

त्या शेतकऱ्याला फोन करून सारे सांगितले. ते क्षणभर थांबले. "म्हंजी नुसती बॅटरीची वायर काढून लावली असती, तरी चाललं असतं व्हय?"

"हो," मी म्हणालो.