मेरीचं नाव आधी घे

चि. मुक्ता,


व्याख्यानासाठी तू लॉर्ड रॉस निवडलास, फार आनंद झाला. एक मात्र सांगते, नुसत्या दुर्बिणीवर थांबू नकोस. त्याचं घरही सांग.

विल्यम पार्सन्स, रॉसचा तिसरा अर्ल. 1836 साली त्यानं यॉर्कशायरच्या मेरी फील्डशी लग्न केलं. तिला वारशानं मोठी संपत्ती मिळाली होती, आणि आयर्लंडमधल्या बर गावी किल्ल्याच्या आवारात जी महाकाय दुर्बीण उभी राहिली, तीत तिचा पैसा ओतलेला आहे. सहा फूट व्यासाचा आरसा, काचेचा नव्हे, तांबं आणि कथिलाचा. वजन सुमारे तीन टन. भट्ट्या पेटत त्या तिथल्या दलदलीतल्या पीटवर. आरसा तडकू नये म्हणून तो कित्येक आठवडे सावकाश निवू द्यावा लागे. कारागीर तरी कोण? जहागिरीतलीच माणसं, त्यानं हाताशी धरून शिकवलेली. आणि शिकलेलं सगळं त्यानं छापून जगापुढे ठेवलं. हा मोठेपणा मला त्या आरशाहून मोठा वाटतो.

1845 मध्ये त्याला मेसियर 51 या दीर्घिकेचे सर्पिल वळसे दिसले. तोवर ते कुणाला दिसले नव्हते. त्यानं ते हातानं रेखाटून ठेवले.

त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला. दुष्काळात दुर्बीण मागे पडली. तो जमीनदार होता, त्याची कुळं उपाशी होती. किल्ल्याभोवती बांधकामं काढून लोकांच्या हाताला काम दिलं गेलं, त्यातही मेरी पुढे होती.

पुढे ती छायाचित्रण शिकली. त्या दुर्बिणीचे जुने फोटो आज पाहायला मिळतात, ते तिच्यामुळे. तिची बरीच मुलं लहानपणीच गेली, चार मुलगे तेवढे मोठे झाले. त्यांना शाळेत घातलं नाही. शिक्षक घरी येत, आणि कारखाना अंगणातच. थोरल्या लॉरेन्सनं चंद्राची उष्णता मोजली. धाकट्या चार्ल्सनं 1884 मध्ये वाफेचं टर्बाइन केलं.

एक दुःखही सांग. अर्लची मावसबहीण मेरी वॉर्ड, सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिणारी विदुषी, 1869 मध्ये याच घराण्यात बनवलेल्या वाफेच्या गाडीवरून पडून गेली.

अर्ल 1867 मध्ये वारला, मेरी फील्ड 1885 पर्यंत होती. पुस्तकं तिला एका ओळीत उरकतात. तू तसं करू नकोस. व्याख्यानात तिचं नाव दुर्बिणीच्या आधी घे.

तुझी,
मावशी