घोंगडें आणि गालिचा

घोंगडें भिजत ठेवणें हा आमच्या घराण्याचा जुना कुलाचार आहे. पालमच्या आमच्या घरांत मागील बाजूस जी लांबट खोली आहे, तिचें काय करावें हा प्रश्न वडिलांच्या हयातींत निघाला आणि ते गेल्यावरही तसाच भिजत राहिला. आधीं तेथें कापूस पडे. पुढें मोडकीं बाजलीं आणि बिनकड्यांच्या पेट्या पडूं लागल्या. अखेरीस गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांनीं निकाल दिला कीं, तेथें ‘होम थिएटर’ करावयाचें. घरांत नाट्यगृह! आमच्या समजुतीप्रमाणें नाटकें प्रत्येक घरांत होतच असतात आणि त्यांस निराळी खोली लागत नाहीं. परंतु आमचें मत विचारण्यापूर्वींच पडदा विकत आला होता, म्हणून आम्हीं संमति दिली.

खोली अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. खालीं शहाबादी फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, भोंवतीं गुळगुळीत गिलावा. पडदा लागला, स्पीकर बसले आणि पहिल्याच संध्याकाळीं फजिती झाली. चित्र स्वच्छ, पण बोलणें मात्र कोणीं विहिरींत तोंड घालून ओरडावें तसें. आमची आई ऐंशीच्या पुढची आहे आणि कानास यंत्र लावते. ती दहा मिनिटें बसली, यंत्र काढून तिनें पदराच्या गांठींत बांधलें आणि म्हणाली, “अरे, तुमच्या या खोलींत बोलणारा एक, नि ऐकूं येतात चार. मी आपली बाहेर बरी.”

हें ‘मी आपली बाहेर बरी’ आम्हीं गेल्या दोन वर्षांत पुष्कळदां ऐकलें होतें. लग्नाच्या मांडवांत, जेवणाच्या पंक्तींत, नातवंडांच्या गोंधळांत ती हें वाक्य म्हणे आणि उठून ओसरीवर जाई. आम्ही त्यास वैराग्य समजत होतों. वार्धक्यांत माणसाचें मन संसारांतून निघूं लागतें, असें आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों आहों. त्या संध्याकाळीं प्रथमच ध्यानांत आलें कीं, तिचें मन कोठेंही निघालें नव्हतें. आमचे शब्द तिच्यापर्यंत पोंचत नव्हते. कानाचें यंत्र मूळ शब्द मोठा करतें, त्याबरोबर भिंतींवरून परतलेला त्याचा पडसादही मोठा करतें. एक शब्द विरण्याच्या आंत दुसरा त्यावर येऊन आदळतो; स्वर तेवढे लांबतात आणि व्यंजनें बुडून जातात. व्यंजनांवांचून मराठी म्हणजे नुसता हुंकार!

गंमत अशी कीं, याच आईनें मुलगी असतांना जत्रेंतील तंबूंत सिनेमे पाहिले आणि त्यांतील संवाद तिला आजही पाठ आहेत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईस प्रथम दाखविला गेला. पुढें सिनेमा खेडोपाडीं फिरूं लागला तो बहुधा कापडाच्या तंबूंतून. भिंती कापडाच्या, जमीन काळ्या मातीची, तीवर घरून नेलेली सतरंजी, आणि दाटीवाटीनें बसलेलीं माणसें. आवाजास परत फिरण्यास जागाच नव्हती. आम्हीं दगड नि सिमेंट लावून जें बांधलें, त्याहून तो फाटका तंबू कानांस अधिक सोयीचा होता.

ही अडचण विद्वानांसही आलेली आहे. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांतील व्याख्यानगृहांत प्राध्यापकांचें भाषण कोणास समजेना. (प्राध्यापकांचें भाषण न समजण्यास इतरही कारणें असतात, पण येथें दोष खोलीचा होता.) तें सुधारण्याचें काम वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे आलें. त्या दालनांत आवाज सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळे. सॅबाइननें जवळच्या सँडर्स थिएटरांतील गाद्या रात्रीं उचलून आणाव्या, कमीअधिक संख्येनें मांडून मोजमाप करावें आणि सकाळच्या आंत त्या परत नेऊन ठेवाव्या. त्या उठाठेवींतून जें सूत्र निघालें तें आजही चालतें: खोलीचे घनमीटर ०.१६१ नें गुणावे आणि खोलींतील एकूण शोषणानें भागावे, म्हणजे आवाज विरण्यास लागणारे सेकंद हातीं येतात. बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० सालीं उघडला, तो याच सूत्राच्या आधारें आंखलेला होता.

आम्हींही पेन्सिल घेतली. खोली सुमारें एकसष्ट घनमीटरांची. दगड आणि गिलावा आवाजाचे शंभरांतले दोन-तीनच भाग गिळतात. दारें, खिडक्या आणि चार माणसें हिशेबांत धरूनही उत्तर पावणेदोन-दोन सेकंदांच्या खालीं येईना. बोलणें समजावयास तें अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवें. आमच्या मनांत वारंगळची सतरंजी होती. परभणी आणि वारंगळ १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांतले जिल्हे. त्या सतरंज्या आमच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण सतरंजीस लव नाहीं, आणि आवाज अडकतो तो लवेंत. जाड लवेचा गालिचा आणि त्याखालीं नमद्याचा थर असला, तर बोलण्याच्या मधल्या आणि उंच सुरांचा निम्म्याहून अधिक भाग तो गिळतो. खर्जाचें मात्र त्याच्यानें फारसें कांहीं होत नाहीं. आणि गालिचा घातल्यानें शेजाऱ्यांची झोप वांचते हीही चुकीची समजूत आहे. आवाज पलीकडे जाऊं न देणें हें जाड भिंतीचें काम.

मग तयारी सुरू झाली. पावसाळ्यांत शहाबादी फरशीस ओल सुटते आणि ओलीवर लोकर कुजते. म्हणून हातभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनीं चिकटवून एक दिवस ठेवला. खालीं थेंब जमले असते तर बेत तेथेंच संपला असता. तुकडा कोरडा निघाला. गालिचा आणि नमदा मिळून जेवढी जाडी, तेवढें दार खालून रंधून घेतलें. स्पीकरच्या तारा भिंतीच्या कडेनें नेल्या. रंग गडद घेतला, कारण फिकट गालिच्यावरून उजेड उसळून पडद्यावरील काळोख पांढुरका करतो. कडा मात्र चोहोंकडून चिकटवून पक्क्या करावयाच्या, असा आमचा हट्ट होता. म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकावयास गालिच्याची सुटी कड पुरेशी असते.

माप घेण्याचें काम आम्हीं स्वतःकडे ठेवलें आणि तेथेंच घात झाला. आम्हीं रुंदी दाराच्या बाजूनें मोजली. बरोबर बारा फूट. बारा फुटी गालिचा नांदेडहून आला, नमदा अंथरला, गालिचा उलगडला, तों पडद्याच्या टोकास तीन इंच फरशी उघडी! जुन्या घराच्या भिंती एकमेकींशीं समांतर असतात ही आमची कल्पना भूमितीच्या पुस्तकांतली होती. लांबी फूटभर जादा घेतलेली होती म्हणून वांचलों. त्या उरलेल्या तुकड्यांतून पाचरीसारख्या दोन पट्ट्या कापून जागा भरली. पण तो तुकडा आडवा पडल्यामुळें त्याची लव निराळ्या दिशेस वळली आणि एकाच रंगाचा असून तो उजेडांत वेगळा दिसूं लागला.

एवढें करूनही टाळी वाजविली कीं समोरासमोरच्या भिंतींतून एक झणझणीत थरथर उमटे. फरशी झांकली तरी भिंती उघड्याच होत्या. कापड लोंबतें ठेवावें, तेंही भिंतीपासून वीतभर दूर नि चुण्या पाडून, असें आम्हीं म्हटलें. आई उठली आणि जुन्या पेटींतून वडिलांचीं चार घोंगडीं घेऊन आली. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचीं, काळीं, जड. शेतावर जागलीस जातांना ते हीं पांघरीत. आम्ही म्हणालों, “आई, हीं भिंतीस लावायचीं?” ती म्हणाली, “पेटींत कसर खाते आहे. तिथें तरी कामाला येतील.” मागील भिंतीवर दांडी ठोकून घोंगडीं लोंबविलीं. पुन्हां टाळी वाजविली. ती नुसती टाळीच राहिली.

त्या रात्रीं चिरंजीवांनीं एक मराठी चित्रपट लावला. आईनें यंत्र कानास लावलें आणि अर्धा तास ती हलली नाहीं. मग म्हणाली, “आतां हें बंद कर. जरा बोलत बसूं.” आम्ही अकरापर्यंत बोलत बसलों. तिनें विचारलेल्या कित्येक गोष्टी अशा होत्या कीं, त्या आम्हीं दोन वर्षांपूर्वींच तिला सांगितल्या आहेत अशा समजुतींत आम्ही होतों.

आतां त्या खोलींत सिनेमा आठवड्यांतून एकदां होतो आणि बैठक रोज भरते. चिरंजीवांचा गडद रंगाचा हिशेब मात्र फुकट गेला आहे. आई दिवा मालवूं देत नाहीं. बोलणाऱ्याचे ओंठ दिसले म्हणजे तिला अधिक नीट समजतें. त्यामुळें दिवा जळत राहतो, आणि आमच्या चुकलेल्या मापाची ती आडव्या लवेची पाचर रोज संध्याकाळीं आम्हांला स्पष्ट दिसत असते.