यात काय आहे जी?

परदेशी पार्सल म्हटलं की माझ्या पिढीच्या माणसाला आधी मांजरपाट आठवतो. डबा कितीही भक्कम असो, कापडात शिवल्याशिवाय वरोऱ्याच्या पोस्टात खिडकीपलीकडचा माणूस तो हातात घेत नसे. सत्तरच्या दशकात ताई लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि आमच्या घरी दाभण, सुतळी, लाख यांची एक वेगळी पिशवीच झाली. ती खुंटीला टांगलेली असे आणि तिला दुसऱ्या कामासाठी हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

शिवणं आईचं काम. डालड्याचा रिकामा डबा गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवायचा, आतून कागद लावायचा, झाकणाच्या कडेला कणकेची पट्टी देऊन बंद करायचा. मग मांजरपाट ताणून धरायचा आणि दाभणानं दुहेरी टाके घालायचे, इतके जवळजवळ की मधून बोट जाऊ नये. शिवण पूर्ण झाली की लाखेची कांडी मेणबत्तीवर धरून टाक्यांवर थेंब पाडायचे आणि लाख थिजायच्या आत बाबांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण त्यावर दाबायचं. विमा उतरवलेल्या पार्सलावर नाण्याचा ठसा चालत नसे. नाणं कोणाहीकडे असतं, ठसा आपला स्वतःचा हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की लाख नीट थिजायचीच नाही, म्हणून उन्हाळ्यातलं पार्सल भल्या पहाटे बंद व्हायचं. पत्ता बाबा लिहीत, ठसठशीत इंग्रजी अक्षरांत, आणि खाली पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून आमचं वरोरा, जिल्हा चांदा. जिल्ह्याचं नाव चंद्रपूर झाल्यावरही त्यांच्या हातून बरेच दिवस चांदाच लिहिलं जायचं.

खिडकीवर प्रश्न एकच असे, ‘यात काय आहे जी?’ आई म्हणे, ‘फराळ आहे भाऊ, पोरीसाठी.’ एवढ्यावर भागायचं. हिरव्या रंगाची एक छोटी चिठ्ठी मिळे, त्यावर पोस्टमास्तर स्वतः लिहून देत, होम मेड स्वीट्स, गिफ्ट. वजन, किंमत, सही. परकीय चलनाचा कायदा त्या काळी कडक होता. माल बाहेर गेला तर त्याचे पैसे देशात यायला हवेत, हे सरकारचं म्हणणं. म्हणून ही भेट आहे, यातून पैसे येणार नाहीत, हे लिहून द्यावं लागे. आईला त्या ओळीचं वाईट वाटायचं. लेकीला चकल्या पाठवते आहे, त्यात पैशाची गोष्ट कशाला, असं ती परतताना रस्ताभर म्हणत यायची.

खरी बंदी त्या काळी खिशाची आणि दिवसांची होती. विमानाचा दर ऐकूनच माणूस गप्प व्हायचा. जहाजाचं पार्सल स्वस्त, पण ते इथून रेल्वे डाकेनं नागपूर, तिथून मुंबई, बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी डाकेत कस्टमची तपासणी आणि मग समुद्र. अडीच-तीन महिने सहज जात. दिवाळीचा फराळ पोळ्याच्या आधीच रवाना करायला लागे. म्हणून काय पाठवायचं हे जहाजाच्या हिशेबानं ठरे: शंकरपाळे, कडक बुंदी, मेतकूट, कुरडया, सांडगे. ओल्या नारळाचं काही नाही, खव्याचं काही नाही. पोचल्याची खबर निळ्या एअरोग्राममधून यायची आणि त्यात ताई हमखास लिहायची की डबा उघडल्यावर घराचा वास आला. तेलाचा खवट वासही आला असणारच. तो तिनं कधी लिहिला नाही.

आपल्या गावाचा परदेशी टपालाशी संबंध फक्त घरच्या डब्यांपुरता नव्हता, हेही सांगायला हवं. दोन-तीन किलोमीटरवर आनंदवन. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पन्नासच्या दशकात तिथं परदेशी स्वयंसेवक येऊन बांधकामाला हात लावून गेले. ते परतले तरी पत्रं येत राहिली. आनंदवनातल्या हातांनी केलेली भेटकार्डं, हातमागाचं कापड हे सगळं बाहेर जाऊ लागलं. आमच्या लहानपणी परदेशी तिकिटं जमवणाऱ्या पोरांना आनंदवनात कोणी ओळखीचं असणं ही मोठी मिळकत वाटायची. भारत 1876 पासून जागतिक टपाल संघात आहे, हे आम्ही पुस्तकात फार पुढे वाचलं. पण बर्नमध्ये ठरलेल्या नियमानं चांद्याच्या जंगलातलं पाकीट जगात कुठंही जातं, हे त्या तिकिटांनी आधीच कळलं होतं.

आता ताईची मुलगी मेलबर्नला आहे, पुतण्या सिंगापूरला. मांजरपाट गेला, लाख गेली. खोका उघडाच घेऊन जावा लागतो, आत काय आहे ते पाहिल्यावरच चिकटपट्टी लागते. आधार कार्डाची प्रत, दोन्हीकडचे मोबाइल नंबर, पिनकोड. प्रश्न तोच, पण उत्तर आता एका वाक्यात मावत नाही. नुसतं ‘गिफ्ट’ चालत नाही, ‘फूड’ चालत नाही. भाजक्या पोह्यांचा चिवडा, 500 ग्रॅम, किंमत इतकी. बेसन लाडू, 400 ग्रॅम, किंमत इतकी. असं एकेक वेगळं लिहायचं. वस्तूचा एचएस कोड, म्हणजे जगभरच्या कस्टमनं प्रत्येक वस्तूला दिलेला आकडा, तोही लागतो. ही सगळी माहिती संगणकातून पार्सलाच्या आधी तिकडच्या देशात पोचते. 1 जानेवारी 2021 पासून जागतिक टपाल संघानं वस्तू असलेल्या प्रत्येक टपालाला हे बंधनकारक केलं.

यामागचं कारण कळलं की राग निवतो. 2010 च्या ऑक्टोबरात येमेनहून शिकागोला निघालेल्या दोन पार्सलांमध्ये प्रिंटरच्या शाईच्या डब्यात स्फोटकं सापडली, एक इंग्लंडात आणि एक दुबईत. विमानात चढण्याआधी आत काय आहे हे कळायला हवं, ही मागणी तेव्हापासून जोर धरत गेली. पुढे अमेरिकेत फेंटानिल नावाचा जीवघेणा अमली पदार्थ टपालानं येऊ लागला आणि 2018 मध्ये तिथं त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आपल्या चिवड्यावर संशय घ्यायला ते नियम लिहिलेले नाहीत, पण चिवडाही त्याच पट्ट्यावरून जातो.

देशागणिक नियम बदलतो आणि इथंच आपल्या घरांची फजिती होते. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बैल बसला की पेरणी बसते. तो रोग ऑस्ट्रेलियात 1872 नंतर आलेला नाही आणि तो येऊ नये म्हणून दूध, खवा घातलेल्या मिठाईवर तिथं कडक नजर आहे. पेढे, बर्फी पाठवली तर पोचण्याची आशा धरू नये. युरोपीय संघातही टपालानं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. सिंगापूरची गोष्ट वेगळीच. अनारशावर आपण खसखस लावतो. तिथं खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते, संयुक्त अरब अमिरातीतही तिला बंदी आहे. पुतण्यासाठी आता अनारसे तीळ लावून होतात. चवीत फरक पडतो, पण पोराला तिकडच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागत नाही. आणि आमच्या नाक्यावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा कोणी कितीही गळ घालून मागवला तरी खोक्यात घालू नका. सिंगापुरात चघळायची तंबाखू बंद आहे, ऑस्ट्रेलियात 2019 पासून टपालानं येणाऱ्या बहुतेक तंबाखूला परवाना लागतो.

अमेरिकेच्या एका नियमाचं मात्र मला मनापासून कौतुक वाटतं. बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना तिथल्या अन्न खात्याला द्यावी लागते. पण एखाद्यानं स्वतःच्या घरी केलेला पदार्थ दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवला, तर त्या सूचनेची गरज नाही. म्हणजे आईच्या काळातले ते शब्द, घरचं केलेलं आणि भेट, अजूनही कायद्यात वजन राखून आहेत.

आपण जंगलाकाठची माणसं, म्हणून आणखी एक गोष्ट जपायला हवी. ताडोब्याच्या बाजूच्या गावांत शेताच्या धुऱ्यावर मोरपिसं पडलेली सापडतात. पोरं वहीत ठेवतात, कोणी काही म्हणत नाही. तेच पीस ताईच्या नातीनं हौसेनं मागितलं तर पाठवता येत नाही. मोरपिसांच्या निर्यातीवर आपल्याच देशाची बंदी आहे. जुन्या घरांतून सोन्यात मढवलेली वाघनखं असायची, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ती मिरवायची वस्तू राहिली नाही, पाठवायची तर नाहीच नाही. हे बरोबरच झालं. वाघ राहिला म्हणून ताडोबा राहिलं.

बियांचंही तेच. परसात लावायला गावरान वालाच्या, भोपळ्याच्या बिया पाठवा, असा निरोप येतो. पूर्वी आई पत्राच्या घडीत चार बिया सरकवून देई. 2020 साली अमेरिकेत घरोघरी न मागवलेल्या बियांची पाकिटं चीनमधून आल्याचं प्रकरण गाजलं आणि बियांकडे सगळं जग संशयानं पाहू लागलं. आता रोगमुक्तीचा सरकारी दाखला नसेल तर बी पाठवू नये. बांबूच्या वस्तूंनाही काही देश हा दाखला मागतात, आणि ही गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी जिव्हाळ्याची आहे. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, बांबूच्या राख्या, दिवे, दागिने करणाऱ्या बायका आहेत. साल नीट काढली नसेल, कीड पडलेली असेल तर ऑस्ट्रेलियात ती वस्तू अडते. हे बाईला माल तयार करतानाच माहीत हवं, पार्सल अडल्यावर नव्हे.

2025 चा ऑगस्ट तर कोणी विसरणार नाही. अमेरिकेनं 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी काढून घेतली आणि 25 ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली, महिनाअखेरीस पत्रंसुद्धा. दिवाळी तोंडावर होती. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा जाहीर केलेल्या किमतीच्या निम्मी रक्कम कर म्हणून इथंच आगाऊ भरायची, असा नियम आला. 100 डॉलरपर्यंतची भेट तेवढी मोकळी राहिली. ज्या जहाजाला आम्ही तीन महिन्यांसाठी शिव्या घालायचो, ते निदान निघत तरी होतं. आपल्या सरकारनंही उलट दिशेनं असंच केलं आहे. 2019 च्या डिसेंबरात बाहेरून येणाऱ्या भेटींची सवलत बंद झाली, पूर्ण कर भरूनच त्या घेता येतात. सवलत उरली दोनच गोष्टींना, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू नाही, फक्त राखी. त्या रुक्ष सरकारी कागदात राखी औषधाच्या शेजारी बसलेली पाहून मला भरून आलं होतं.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पार्सल कुठं आहे हे आज मोबाइलवर दिसतं, तेव्हा तीन महिने देवावर हवाला. पण तेव्हा नियम खिडकीपलीकडच्या माणसाच्या तोंडात होता आणि तो आपल्या भाषेत बोलत होता. आज तो इंग्रजी संकेतस्थळांवर आहे, रोज बदलतो, आणि वरोऱ्याची, भद्रावतीची, मूलची आई तो वाचू शकत नाही. पुण्या-मुंबईत फराळाच्या दिवसांत टपाल खातं खास सोय करतं, खोकीसुद्धा पुरवतं. तशी सोय आमच्या तालुक्यांच्या पोस्टांतही व्हावी. आणि तोवर प्रत्येक पोस्टाच्या भिंतीवर मराठीत एक तक्ता लागावा: अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दुबई, जर्मनी, इंग्लंड, काय जातं, काय अडतं, किती किमतीपर्यंत कर नाही. दर तीन महिन्यांनी तो बदलावा. खर्च कागदाचा. आणि तुम्ही फराळाला हात घालण्याआधी पोस्टात एकदा जाऊन देशाचं नाव सांगा, नियम विचारा, मगच कढई चढवा.